शिवणघर : या वेळी सगळी पत्रं क्रेपचीच

पावसाळ्यात माझ्याकडे बाहीची आणि गळ्याची पत्रं येतात. दिवाळीआधी ‘शिंपी वेळेवर देत नाही’ या तक्रारी येतात. त्यावर माझ्याकडे औषध नाही, मीही त्यातलीच. आणि डिसेंबर लागला, लग्नाच्या तारखा ठरल्या की कापडाची पत्रं सुरू होतात. यंदा गठ्ठा उघडला तर पहिल्या पाच पत्रांत क्रेप. पुढेही क्रेप. कुणाला ते ओळखता येत नाही, कुणाचं आटलं, कुणाचं लोंबलं, कुणाचं चकाकायला लागलं. तेव्हा ब्लाउजच्या कटोरीवाल्यांनी आणि मुलांच्या गणवेशवाल्यांनी महिनाभर दम धरावा. हा महिना क्रेपचा.

प्रश्न : मुलीच्या साखरपुड्यासाठी हिंदमाताला कापड बघत होते. दुकानदाराने दहा तागे उलगडले. हे क्रेप, हे जॉर्जेट, हे अमेरिकन क्रेप, हे मॉस क्रेप, हे प्युअर क्रेप. मला सगळी सारखीच दिसली. एक दीडशे रुपये मीटर, दुसरं सोळाशे. फरक नेमका कशात असतो? — परळहून एक आई

फरक पिळात असतो. हे मला दुकानात नाही, घरात कळलं. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत सूतखात्यात होते, रिंगवर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर. मी आठवीत असेन. आईने कुणाचं तरी क्रेपचं कापड ब्लाउजसाठी आणलं होतं आणि मी विचारलं, हे असं खरखरीत का? वडिलांनी उत्तर दिलं नाही. खिडकीच्या गजाला एक सुतळी बांधली, दुसऱ्या टोकाला पेन्सिल अडकवली आणि ती मला गरागरा फिरवायला लावली. सुतळी आवळत गेली, तारेसारखी टणक झाली. मग म्हणाले, “आता एक पाऊल पुढे ये.” मी पुढे झाले आणि सुतळीने जागच्या जागी वेटोळी घातली, पाच-सहा ठिकाणी, गांडुळासारखी. “साध्या सुताला इंचाला वीस-बावीस पीळ,” वडील म्हणाले. “याला तिप्पट दिलाय. त्याला स्वस्थ बसवत नाही.”

क्रेप म्हणजे एवढंच. स्वस्थ न बसणारा धागा कापडात कोंडलेला असतो. विणताना दोन धागे उजव्या पिळाचे, दोन डाव्या पिळाचे असे आळीपाळीने टाकतात. एक इकडे ओढतो, एक तिकडे, आणि त्या ओढाताणीत कापडावर बारीक रवाळ दाणा उठतो. रेशमाच्या क्रेपमध्ये तर आणखी गंमत आहे. मागावरून उतरतं तेव्हा ते सपाट आणि कडक असतं, कारण रेशमाचा स्वतःचा डिंक त्या पिळाला धरून ठेवतो. मग साबणाच्या गरम पाण्यात उकळलं की डिंक सुटतो, पीळ मोकळा होतो, कापड आक्रसतं आणि दाणा येतो. क्रेप विणून अर्धंच होतं, उरलेलं उकळून होतं.

आता तुमचे दहा तागे. ज्याला व्यापारी क्रेप डी शीन म्हणतात, त्यात जादा पीळ फक्त आडव्या धाग्याला असतो, उभा धागा जवळजवळ सरळ. म्हणून ते मऊ, थोडं चमकदार, हातातून निसटणारं. जॉर्जेटमध्ये आडवे-उभे दोन्ही धागे पिळलेले, म्हणून ते कोरडं लागतं, थोडं रखरखीत, आणि घडी घातली तरी उसळून येतं. (हे नाव पॅरिसच्या एका ड्रेस शिवणाऱ्या बाईचं, जॉर्जेट द ला प्लांत. कापडाला शिवणारीचं नाव मिळालं याचा मला उगाच अभिमान वाटतो.) शिफॉन त्याच जातीचं, पण आणखी पातळ. मॉस क्रेपमध्ये पिळाइतकंच विणीचंही काम असतं, म्हणून ते शेवाळासारखं फुगीर आणि जड लागतं. अमेरिकन क्रेप, बटर क्रेप ही बाजारातली नावं आहेत. अमेरिकन क्रेपचा अमेरिकेशी आणि बटर क्रेपचा लोण्याशी संबंध नाही. बहुतेक सुरतेचं पॉलिएस्टर असतं. वाईट नसतं, फक्त रेशमाच्या भावात घेऊ नका.

ओळखायचं कसं? कातरणीच्या कडेचा एक आडवा धागा काढा, दोन बोटांत ताणून धरा आणि बोटं हळूच जवळ आणा. खरं क्रेप असेल तर धागा माझ्या वडिलांच्या सुतळीसारखा स्वतःभोवती गुंडाळला जाईल. नुसता लोंबला तर दाणा पिळाने आलेला नाही, विणीने किंवा छापून आणलेला आहे. आणि ‘प्युअर’ म्हणून सोळाशे मागत असेल तर बोटभर कातरण मागून घ्या, घरी येऊन चिमट्यात धरून जाळा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरते. पॉलिएस्टर वितळतं, टोकाला कडक मणी राहतो. रेयॉन कागदासारखं भुरकन जळतं. कातरण द्यायला जो दुकानदार कां-कूं करतो, त्याच्याकडून मी तरी प्युअर घेत नाही. मंगळदास मार्केटात असे दोन सोडून तिसरा सापडतोच.

साखरपुड्यालाच घ्यायचं असेल तर माझं मत विचारा न विचारा, सांगते. दिवे, व्हिडिओ, चार तास उभं राहणं. मॉस क्रेप घ्या. चुरगळत नाही आणि अंगावर वजनाने नीट पडतं.

प्रश्न : ताई, दिवाळीला मी क्रेपचा अंब्रेला ड्रेस स्वतः शिवला. शिवून झाला तेव्हा घेर अगदी गोल होता, आईने जमिनीवर पसरून बघितला होता. दोनदा घातला आणि आता चार ठिकाणी घेर खाली आलाय, मधे रुमाल धरून उचलल्यावर कोपरे लोंबतात तसा. माझं बेतताना चुकलं का? — भांडुपहून एक विद्यार्थिनी

बेतणं तुझं बरोबर आहे, म्हणूनच चारच ठिकाणी आणि सारखंच लोंबलं. तुला रुमाल आठवला ते तर फारच छान, कारण उत्तर रुमालातच आहे. घरातला कुठलाही सुती रुमाल घे. कडेला धरून ताण. हलत नाही. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून ताण. रबरासारखा लांबतो. कोपऱ्यातून कोपऱ्यात जी तिरकी दिशा, ती उरेब. तू कापडाची चौघडी घालून पाव गोल कापलास, म्हणजे समोर आणि मागे उभा धागा आला, दोन्ही कडांना आडवा, आणि त्यांच्यामधे चार ठिकाणी उरेब. ती चारच ठिकाणं खाली आली.

हे कुठल्याही कापडात होतं, पण क्रेपमध्ये जास्त होतं. त्याचे धागे आधीच नागमोडी, आक्रसलेले. घेराचं वजन खाली ओढायला लागलं की ते नागमोडीपण सरळ होतं आणि लांबी वाढते. एका रात्रीत नाही. दोन-तीन दिवस होत राहते.

म्हणून क्रेपचा घेर शिवून झाला की खालची कड लगेच दुमडायची नाही. कमरेशी जोडून, हँगरला लावून निदान दोन दिवस लोंबकळत ठेवायचा. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तो कपाटाच्या दाराला असायचा आणि कपाट उघडायचं म्हणजे आधी ड्रेसला बाजूला व्हा म्हणायचं. मग जिचा ड्रेस तिला घालायला लावायचा, पायात जी चप्पल घालणार तीच घालून. तिने सरळ उभं राहायचं, खाली बघायचं नाही (सगळ्या बघतात, आणि बघितलं की पुढचा घेर खाली येतो). आपण जमिनीवर बसायचं, लाकडी फूटपट्टी उभी धरायची आणि जमिनीपासून सारख्या उंचीवर टाचण्या लावत तिच्याभोवती सरकायचं. ती वळणार नाही, आपण फिरायचं. कपड्याचं माप कपड्यावर नाही, जमिनीवरून घ्यायचं. तुझ्या आईने जमिनीवर पसरून बघितला, तिथेच फसगत झाली. पसरलेल्या कापडाला वजन नसतं.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. आमच्या मजल्यावरच्या एका मुलीचा पीच रंगाचा क्रेपचा फ्रॉक मी संध्याकाळी शिवून रात्री दिला होता, साखरपुडा दुसऱ्या दिवशी. तिची आई एवढी खूश झाली की वर पेढे दिले. आठवड्याने फोटो धुऊन आले. पहिल्या फोटोत घेर गोल, शेवटच्या फोटोत माशाच्या शेपटीसारखा. पेढे खाऊन झाले होते. मी फ्रॉक परत मागून आणला आणि शिलाई न घेता घेर नीट करून दिला, पण फोटो काही परत काढता येत नाहीत.

तुझा ड्रेस वाचतो. खालची टीप उसवून टाक, दोन दिवस टांग, मग वरच्यासारखं माप घेऊन जादा कापून टाक. दीड-दोन इंच लांबी जाईल. घाबरू नकोस, लोंबायचं ते लोंबून झालंय, पुन्हा एवढं येणार नाही. कड मात्र अगदी बारीक दुमड, पाव इंचाहून कमी. जाड दुमडलीस तर घेर कडक होतो आणि क्रेप नाचायचं थांबतं.

याच उरेबीच्या जिवावर पॅरिसमध्ये मादलेन व्हियोने नावाच्या बाईने १९२०च्या दशकात नाव काढलं. अख्खा ड्रेसच तिरक्या धाग्यावर कापायची, आणि त्यासाठी नेहमीपेक्षा रुंद पन्ह्याचं क्रेप मुद्दाम विणून घ्यायची. हातभर लाकडी बाहुलीवर आधी नमुना करून बघायची. तू मोठी बाहुली शोधत बसू नकोस, मांजरपाटावर नमुना करून बघितलास तरी पुरे.

प्रश्न : जुलैत दादर स्टेशनबाहेर भिजले. अंगात नवा रेयॉन क्रेपचा कुर्ता, गुडघ्याखालपर्यंतचा. ऑफिसात पोचून पंख्याखाली वाळला तर गुडघ्याच्या वर! बाह्याही आखूड. तेव्हापासून कपाटात पडून आहे. धाकट्या बहिणीला देऊ का? — बोरिवलीहून एक नोकरदार

देऊ नका, तिच्या अंगावरही पुढच्या पावसात आटेल.

रेयॉन पाणी पितं. ओला धागा जाडीने फुगतो, आणि घट्ट पिळलेला धागा फुगला की लांबीला आखूड होतो. ओल्या दोरीच्या गाठी जास्त घट्ट बसतात, त्याच जातीचं हे. तुमचा कुर्ता झिजलेला नाही, फक्त आवळून बसलाय. कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवा. पिळू नका. ओलं रेयॉन फार दुबळं असतं, शिवणीशी फाटतं. जाड टॉवेलवर पसरून, वर दुसरा टॉवेल दाबून पाणी काढा. मग सपाट ठेवून, दोन्ही हातांनी लांबीकडे थोडं थोडं ओढत न्या, एका जागी नाही, सगळीकडून सारखं. ओलसर असतानाच उलट्या बाजूने, वर सुती कापड ठेवून वाफेची इस्त्री. बरीचशी लांबी परत मिळते. थोडी कमी राहिली तर खाली त्याच रंगाची पट्टी लावा, हल्ली तशी फॅशनच आहे, कुणी विचारणार नाही.

पुढच्या वेळी कापड विकत आणलं की बेतायच्या आधी भिजवा. आमच्या आईचा नियम होता, नवं कापड एक रात्र बादलीत काढल्याशिवाय कात्रीला दाखवायचं नाही. रेयॉनला आणि सुतीला हे हवंच. रेशमी क्रेपला बादली नको, पाण्याचे डाग बसतात. त्याला उलट्या बाजूने नुसती वाफ. पॉलिएस्टर पाणी पीत नाही, म्हणून आटतही नाही, आणि म्हणूनच मे महिन्यात घाम तसाच अंगाला चिकटून राहतो. तयार कुर्ता घेताना आतल्या चिठ्ठीवर व्हिस्कोस लिहिलेलं दिसलं की ते रेयॉनच. दुकानातल्या बाई ‘प्युअर’ म्हणाल्या असतील, चिठ्ठी खोटं बोलत नाही.

प्रश्न : माझ्याकडे सासूबाईंचं काळं पायाचं मशीन आहे. सुती कापड सुरेख शिवतं, पण क्रेपवर टीप घातली की कापड चुण्या घेतं. शेजारी म्हणतात नवं ऑटोमॅटिक घ्या. घेऊ का? — गिरगावहून एक गृहिणी

पैसे वाचवा. क्रेपला तुमच्या सासूबाईंचं मशीन नव्यापेक्षा बरं आहे. तुमच्या मशीनच्या पट्टीवर सुई जाते तिथे एकच बारीक गोल भोक आहे ना? नव्या झिगझॅग मशीनला तिथे आडवी लांबट खाच असते, सुईला डावीकडे-उजवीकडे हलायला. पातळ क्रेप त्या खाचेत सुईबरोबर आत जातं आणि मशीन ते चावून टाकतं. माझ्या मुलीने हौसेने घेऊन दिलेल्या मशीनने माझ्या एका शिफॉनच्या ओढणीचा पाहुणचार केला. तेव्हापासून क्रेप आलं की मी जुन्याच मशीनवर बसते.

आता चुण्या. आधी सुई बघा. घरच्या मशीनला बहुतेक सोळा नंबरची सुई वर्षानुवर्षं लावलेली असते. क्रेपला नऊ किंवा अकरा, आणि कोरी. जुन्या सुईचं टोक बोटाला कळत नाही, पण क्रेपचा धागा ओढला की लगेच कळतं, आडवी रेघ पडते. दोरा बारीक पॉलिएस्टरचा. वरचा ताण एक घर सैल करा. टाका इंचाला दहा-बारा बसतील इतका ठेवा. सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवा, नाहीतर पहिल्या दोन टाक्यांतच गोळा होतो. आणि शिवताना कापड पुढून-मागून अलगद ताणून धरा, ओढू नका. दात सरकवतील ते सरकवू द्या.

तरीही चुण्या आल्या तर कापडाखाली पातळ कागदाची पट्टी घालून शिवा आणि नंतर फाडून काढा. कागद कोरा घ्या. मी एकदा घाईत वर्तमानपत्र घेतलं होतं. फिक्या गुलाबी ब्लाउजच्या आतल्या शिवणीवर उलट्या अक्षरांत बातमी उमटली. नशीब आतल्या बाजूला.

बेततानाही एक करा. टेबलावर नको, जमिनीवर सुती चादर अंथरून तिच्यावर क्रेप पसरा. चादर धरून ठेवते, सनमायक्यावर ते पाण्यासारखं पळतं. दुहेरी घडीवर कापू नका, एकेक पदर कापा, वेळ दुप्पट लागेल पण डावी-उजवी बाजू सारखी येईल. टाचण्या शिवणीसाठी सोडलेल्या कडेतच. त्यापेक्षा वाट्या ठेवा वजनाला, माझ्याकडे त्यासाठी चार पितळी वाट्या आहेत, त्यांत आता कुणी आमटी वाढत नाही.

प्रश्न : आजीची मैसूर क्रेपची साडी मला मिळाली आहे. चिंतामणी रंग, जरीचे काठ. मी साडी नेसत नाही. तिचा अनारकली शिवावा असं मनात आहे, पण आई म्हणते साडीला कात्री लावलीस तर बोलणार नाही. तुम्ही सांगा. — ठाण्याहून एक नात

तुमच्या दोघींच्या भांडणात मी पडत नाही. साडीबद्दल सांगते.

मैसूरची ही साडी म्हणजे आपल्या देशातलं क्रेपचं एक मोठं काम. म्हैसूरच्या नालवडी कृष्णराज वडियार महाराजांनी १९१२ साली तिथे रेशमाचा कारखाना काढला, माग स्वित्झर्लंडहून आणवले. त्या साडीचं रेशीम जादा पिळाचं असतं, म्हणूनच ती अंगाला धरून पडते, फुगत नाही, आणि निऱ्या एकदा घातल्या की दिवसभर घातलेल्या जागी. आपल्याकडच्या बायकांनी ती लग्नात घेतली, मंगळागौरीला नेसली आणि मग घडी करून ट्रंकेत ठेवली.

गोम त्या घडीतच आहे. उजेडापुढे साडी एकेरी करून धर. घडीच्या रेघांवर कापड विरलेलं दिसतं का? खिडकीतला उजेड तिथून रेघेसारखा आत येतो का? तशी असेल तर आईचं ऐक, कात्री लावू नकोस. अनारकलीला घेर, घेराला वजन, आणि विरलेल्या रेघेवर वजन आलं की पहिल्याच कार्यक्रमात ती उभी फाटते. मग साडीही गेली आणि ड्रेसही.

चांगली असेल तर लावायला हरकत नाही, ट्रंकेत विरण्यापेक्षा अंगावर विरलेली बरी. पण अनारकली नको. साडीचा पन्हा साधारण पंचेचाळीस इंच, काठ दोन्हीकडे. सरळ कुर्ता बेत, लांबी साडीच्या आडवी घे, म्हणजे काठ आपोआप खाली येईल आणि खालची कड दुमडायचीच गरज नाही. अंगाला घट्ट नको, काखेत आणि पाठीत दोन-दोन इंच सैल, कारण जुनं रेशीम शिवणीशी सरकतं. आत मलमलचं अस्तर, आणि नुसतं अस्तर नाही, प्रत्येक तुकडा मलमलवर धावदोऱ्याने टाचून मग दोन्ही मिळून एक कापड समजून शिव. ताण मलमल घेईल. आणि पदर कापू नकोस, तो ओढणी म्हणून राहील. आईला दाखवायला तेवढं बरं.

शिंप्याकडे देणार असशील तर त्याच्या समोर बसून काप म्हणावं. मी शिवणारीच असून सांगते.

प्रश्न : इस्त्रीवाल्याकडून ड्रेस आला की क्रेपवर चकाकणारे डाग. धुतले तरी जात नाहीत. — दादरहून

जाणार नाहीत. कोळशाच्या जड इस्त्रीने पॉलिएस्टरचा दाणा वितळून चपटा झालाय. रेशमी किंवा रेयॉन असता तर वाफेवर धरून दाणा थोडा उठला असता. पुढे घरीच, उलट्या बाजूने, वर ओलसर रुमाल, इस्त्री कमी तापलेली आणि दाबायची नाही, नुसती टेकवून उचलायची. खरं तर चांगल्या क्रेपला इस्त्री लागतच नाही. आंघोळीनंतर न्हाणीत वाफ असते तेव्हा हँगरला टांगून ठेवा.

प्रश्न : मुलाचं लग्न मे महिन्यात झालं. सुनेची पहिली संक्रांत. तिच्यासाठी काळी क्रेपची साडी घेतली आहे. एका नातेवाईक बाई म्हणाल्या, क्रेप तर परदेशात सुतकात घालतात. मनात उगीच पाल चुकचुकली. आणि तिचा ब्लाउज कसा शिवावा? — डोंबिवलीहून एक सासूबाई

नातेवाईक बाई खोटं सांगत नाहीत. इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीचा नवरा १८६१ साली वारला, आणि १९०१ साली स्वतः जाईपर्यंत ती काळ्यातच राहिली. त्या काळात तिथे काळं क्रेप हे सुतकाचं कापड होतं, कारण त्याला चमक नाही. दाण्यावर उजेड पडतो आणि विखुरतो, रेशीम असूनही निस्तेज दिसतं. दुःखात चमकायचं नाही असा त्यांचा हिशेब. ते क्रेप पावसात भिजलं की मातेरं व्हायचं, काळा रंग गालावर उतरायचा. पण सुतक त्यांचं, संक्रांत आपली. आपल्याकडे सुतकाला पांढरं आणि संक्रांतीला काळं, थंडीतलं ऊन धरून ठेवायला. त्यांच्या पालीला आपल्या भिंतीवर चुकचुकायचं कारण नाही. चमक नसल्यामुळेच काळ्या क्रेपवर हलव्याचे दागिने जे उठून दिसतात, ते काळ्या साटीनवर दिसत नाहीत. करून बघा.

एकच धडा त्या राणीच्या काळाकडून घ्या. साडीचा कोपरा ओल्या पांढऱ्या रुमालात दोन मिनिटं दाबून धरा. रंग उतरला तर ब्लाउजला पांढरं अस्तर लावू नका, काळंच लावा, आणि हळदीकुंकवाला अत्तर-गुलाबपाणी शिंपडताना सुनेला जरा लांब उभी करा.

ब्लाउज क्रेपचाच हवा असेल तर आत सुती अस्तर हवंच, नाहीतर हुकांच्या पट्टीशी कापड ओढलं जातं आणि मधे फटी पडतात. गळा उरेब पट्टीने फिरवा, पट्टी साडीच्या कापडाची नको, पातळ सुतीची. आणि माप थंडीत घेताय, हे शिंप्याला सांगा, स्वेटरवरून घेतात काही जण. साडीला फॉल लावायच्या आधी फॉल भिजवून आटवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात फॉल आटेल आणि क्रेपच्या काठाला चुण्या पडतील.

प्रश्न : शिवणकामाचा प्रश्न नाही, माफ करा. गुडघ्याला डॉक्टरांनी क्रेप बँडेज सांगितलंय. सौ. म्हणते हे तुमच्या सदरातलंच क्रेप. खरं का? आणि ते महिन्यात सैल पडलं, फेकून देऊ? — मुलुंडहून एक निवृत्त आजोबा

काकी बरोबर सांगतात. सुती धागा, पण जादा पिळलेला, म्हणून रबर नसतानाही ते ताणतं आणि परत येतं. फेकू नका. कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, पीळ पाण्यात पुन्हा आवळतो आणि बँडेजला जोर येतो. निथळून टॉवेलवर आडवं वाळवा. दोरीवर टांगाल तर पाण्याच्या वजनाने पुन्हा लांबेल. गुंडाळताना फार ताणू नका. आणि दोन बँडेज ठेवा, एक धुण्यात, एक पायावर.